ओट्टु, एकूण

कॉलेजच्या लिलावातून साडेसहाशेला आलेला हा डबा,
पाठीवर अजून पांढऱ्या रंगात 'लॅब २, नग ११'.
मेमरी एक जीबी.
लुमाण्णाच्या म्हशीला त्याहून जास्त लक्षात राहतं.

जुनी विंडोज उघडेपर्यंत
सकाळचं दूध गोळा होऊन टेम्पो खानापूर गाठायचा.
म्हणून गुरुसिद्धनं, जो फॅट मशीन दुरुस्त करायला येतो
आणि चहा घेतल्याशिवाय जात नाही,
परवा पेन ड्राइव्हवरून हलकं लिनक्स बसवलं.
झटकन उघडलं. पण आत काहीच नाही,
भाड्याच्या नव्या खोलीसारखं:
एक घड्याळ, एक कचरापेटी, निळी भिंत.
"ऑफिस तू घाल की अक्का, एकच ओळ हाय,"
म्हणाला, आणि ती ओळ
दुधाच्या पावतीमागं लिहून गेला.

आज दुपारी, नंदगडात वीज होती तोवर,
मी ती ओळ टाइप केली.
एक अक्षर चुकलं.
मशीन म्हणालं, असलं काही आपल्याला माहीत नाही.
आवाज न चढवता म्हणालं.
माझ्या शाळेतले मास्तर असं कधी म्हणाले नव्हते.
परत टाइप केली. मग त्यानं हिशोब मांडला:
इतकं उतरवावं लागेल, डिस्कवर इतकी जागा जाईल,
होय की नाही?
आमच्याकडं याला एकच उत्तर असतं.
होय की.

फोन खिडकीच्या गजाला रबरबँडनं बांधलेला,
टॉवर कौलांच्या भट्टीपलीकडं
आणि रेंज येते ती त्या गजापर्यंतच.
बारा टक्के. बारा. बारा.
मी कॅन धुतले, झाकणं उन्हात पालथी घातली.
एकोणीस.
एकसष्टला मोनाप्पा उचल मागायला आला.
"काय करूलालीस?"
"ऑफिस बसवूलालो."
त्यानं टेबल बघितलं, कपाट बघितलं, सोसायटीची पाटी बघितली.
"मग हे काय हाय?"

भाषा निवडायची वेळ आली तेव्हा लांबलचक यादी.
कन्नड, कंसात भारत.
बरंच खाली, मराठी, कंसात भारत.
जिल्हा विचारला नाही. तालुका नाही.
मी दोन्हीवर खूण केली आणि पुढं गेले.

युनियनला पाठवायची फाईल उघडली,
तर कन्नड रकान्यात नुसते चौकोन,
भट्टीत जायच्या आधी रचलेल्या कच्च्या विटा.
एकशे चौदा सभासद, सगळ्यांच्या विटा झालेल्या.
गुरुसिद्धला फोन लावला.
"फॉन्ट, अक्का, फॉन्ट! अजून एक ओळ लिहून घे."
लिहून घेतली. परत गज, परत रबरबँड.
मग विटांतून एकेक जण उठून बसला:
बाळव्वा, फकीरगौडा, दोन्ही भरमाणी,
आणि लुमाण्णा, ज्याला कन्नड वाचता येत नाही
पण आपलं नाव लांबून ओळखतो.
मराठीच्या रकान्यात गुऱ्हाळकरांचा अर्धा र
उडून ह च्या डोक्यावर जाऊन बसलाय.
त्याचं उद्या बघू.

नंदगडखाली तांबडी नागमोडी रेघ आली,
असा शब्दच नाही म्हणे.
उजवं बटण दाबून मी गाव शब्दकोशात घातलं.
रकान्यावर लिहिलं: दूध, हालु.
तळाशी: ओट्टु, एकूण.
बेरीज एकदाच केली.

संध्याकाळी पहिली छापील पावती
लुमाण्णानं बल्बखाली धरली,
उलटी केली, सुलटी केली.
"ह्या नव्या ऑफिसाला पडले किती?"
"फुकट."
"तरीच," म्हणाला,
"फॅट कमी दाखवूलालंय."